ब्रेक ऑइल बदलताना आधी डबी रिकामी करा
घरी एसयूव्हीचं ब्रेक फ्लुइड बदलणार असाल तर चाकाचा निपल (ब्रेकवरचा फ्लुइड बाहेर काढायचा छोटा स्क्रू) लगेच खोलू नका, आधी बॉनेटखालच्या फ्लुइडच्या डबीतलं काळपट फ्लुइड सिरिंजने ओढून काढा आणि नवीन भरा (झाकणावर फ्लुइडचा प्रकार, डॉट ३ की ४, लिहिलेला असतो तोच), नाहीतर ती सगळी घाण लाइनमधून ओढत बसाल. निपलला रिंग पानाच लावा, साध्या पान्याने कोपरे घासले की मग रडायची वेळ येते. पारदर्शक नळी लावून दुसरं टोक थोडं फ्लुइड असलेल्या बाटलीत बुडवायचं, गाडीत बसलेल्या मदतनिसाने ब्रेक पेडल दाबून धरायचं, तुम्ही निपल खोलायचा, बंद करायचा आणि "सोड" म्हटल्यावरच त्याने पाय उचलायचा, इथे गडबड झाली की हवा आत. गाडी जुनी असेल तर पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा, पेडल तळापर्यंत गेलं तर मास्टर सिलिंडरचं (पेडल दाबल्यावर फ्लुइड ढकलणाऱ्या भागाचं) सील फाटू शकतं. चाकांचा क्रम मॅन्युअलप्रमाणे. डबीतलं फ्लुइड 'मिन' खुणेच्या खाली जाऊ देऊ नका, मी एकदा गप्पांत विसरलो, हवा शिरली आणि चारही चाकं परत करावी लागली! रंगावर थेंब पडला तर लगेच पाणी ओता, पुसत बसू नका.