पोरांना घेऊन गडावर चाललात? मग आधी या चुका टाळा

जून लागला की प्रत्येक सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच प्रश्न येतो, मुलगी सहा वर्षांची आहे, आई-बाबा पण येणार आहेत, कुठला सोपा ट्रेक सुचवा. आणि मग जो तो आपण कॉलेजात असताना मित्रांबरोबर केलेला गड सांगतो, हरिहर काय, कळसूबाई काय, कलावंतीण काय. मला या गोष्टीची खरंच काळजी वाटते, कारण सह्याद्रीत पोरांना नेण्यासारख्या जागा भरपूर आहेत, फक्त निवड चुकते आणि मग पोरगं पहिल्याच ट्रेकला इतकं दमतं, घाबरतं की पुढे नावच काढत नाही.

गड स्वतःच्या पायांनी मोजणं

ही सगळ्यात मोठी चूक, बाकीच्या अर्ध्या चुका हिच्यातूनच येतात. गडाची उंची किती यावर सोपं-अवघड ठरत नाही. बघायचं ते असं की पायथ्यापासून सलग चढ किती आहे, पायऱ्या मुलाच्या गुडघ्याच्या वर जातात का, एका बाजूला दरी आहे का, आणि परत येताना त्याच वाटेने उतरावं लागणार का. चढताना मूल छान चढतं, हात टेकवत, पुढे बघत. उतरताना त्याला खाली दरी दिसते आणि तिथेच ते बसकण मारतं.

हरिहरच्या त्या कातळात कोरलेल्या पायऱ्या रीलमध्ये भारी दिसतात, पण त्या जवळजवळ उभ्या आहेत, हाताने खोबणी धरूनच चढावं लागतं आणि सुट्टीच्या दिवशी वर जाणारे नि खाली येणारे त्याच अरुंद जिन्यात अडकतात. तिथे लहान पोरांना नेऊ नका, विषय संपला. कळसूबाईला शिड्यांना कठडे आहेत हे खरं, पण १६४६ मीटरचं ते महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर आहे आणि बारी गावातून सुरू होणारा चढ मोठ्या माणसाचाही घाम काढतो. नियमित चालणारी दहा-बारा वर्षांची मुलं असतील तर ठीक, पहिला ट्रेक म्हणून नको.

मग न्यायचं कुठे? माझं पहिलं उत्तर नेहमी लोहगड. गाडी लोहगडवाडीपर्यंत जाते, तिथून थेट पायऱ्या, आणि गणेश, नारायण, हनुमान, महादरवाजा असे एकामागून एक दरवाजे लागत जातात त्यामुळे पोरांना सतत पुढे काहीतरी दिसत राहतं, "अजून किती" हा प्रश्न कमी येतो. वर सपाटी आहे, विंचूकाटा म्हणजे विंचवाच्या नांगीसारखी लांब गेलेली माची वरून बघायची, पण टोकापर्यंत जाण्याचा हट्ट पावसाळ्यात करायचा नाही, तिकडे जाताना मध्ये कातळाचा टप्पा उतरावा लागतो आणि वारा भयानक असतो. मळवली स्टेशनला उतरून भाजे गावावरून चालत येणार असाल तर ते अंतर वेगळं धरा, त्या चालण्यातच छोट्यांचे पाय संपतात. तसं झालंच तर भाजे लेणी बघून परत फिरा, तीही छान सहल होते.

दुसरा कोरीगड. पेठ शहापूरकडून सरळ पायऱ्यांची वाट आहे, वर दोन तळी, कोराईदेवीचं मंदिर, मोठमोठ्या तोफा, आणि तटबंदी इतकी शाबूत आहे की जवळपास सगळ्या गडाला तटावरून फेरी मारता येते. फक्त तटावर मूल वाऱ्याच्या बाजूला एकटं सोडू नका. पुण्यातल्या लोकांना सिंहगड आहेच, आतकरवाडीची पायवाट चढून जा आणि पोरं दमली तर वरून शेअर जीपने खाली या, ही सोय दुसऱ्या फार कमी गडांवर आहे. अजिबात चढ नको असेल, आजी-आजोबाही चालणार असतील तर माथेरान, दस्तुरी नाक्यापुढे गाड्या बंद आहेत त्यामुळे लाल मातीच्या रस्त्यावर झाडाखालून निवांत चालता येतं, घोड्यांना मात्र बाजू द्या.

राजमाचीबद्दल वेगळं सांगतो कारण इथे लोक फसतात. लोणावळ्याकडून वाट फारशी चढाची नाही म्हणून सोपी म्हणतात, पण ती पंधरा किलोमीटरच्या आसपास आहे, एका बाजूने! पोरांना घेऊन जायचं असेल तर गडावरच्या उधेवाडीत मुक्काम ठरवा, पोचल्यावर आराम करा, श्रीवर्धन आणि मनरंजन हे तिथले दोन बालेकिल्ले दुसऱ्या दिवशी सकाळी बघा.

उशिरा निघणं

घरून नऊला निघायचं, वाटेत मिसळ, पायथ्याला साडेबारा, हे अगदी नेहमीचं. ऑक्टोबरनंतर तर कातळ तापतो आणि गडावर सावली नसतेच. शिवाय डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, त्यात उतारावर घसारा असतो, म्हणजे तो सुटा मुरूम ज्याच्यावर पाय ठेवला की सरकतो, आणि तो अंधारात मुलाला घेऊन उतरणं म्हणजे नको ते दुखणं. परत फिरायची वेळ निघण्याआधीच ठरवा. दोन वाजता जिथे असू तिथून मागे, मग माथा शंभर पावलांवर असला तरी. आणि गावातल्या मामांना किती वेळ लागेल विचारलं की ते अर्धा तास म्हणतात, ते त्यांच्या चालीने खरंच अर्धा तासच असतं, तुम्ही पोरांसकट दीड तास धरा.

बूट आणि कपडे

नवेकोरे महागडे स्पोर्ट शूज ओल्या कातळावर घसरतात. साधे रबरी खोल खाचांचे बूट बरे, आपल्याकडचे जुने ट्रेकर ॲक्शन कंपनीचे ट्रेकिंग बूट वापरतात ते उगाच नाही. क्रॉक्स, सँडल नको. जीन्स तर नकोच, भिजली की जड होते आणि मांड्या सोलवटतात.

एक बारीक गोष्ट सांगतो जी कुणी सांगत नाही. उतरताना मुलाचा पाय बुटात पुढे सरकतो आणि अंगठा प्रत्येक पायरीला टोकावर आपटतो, दुसऱ्या दिवशी नख काळं-निळं. म्हणून आदल्या रात्री पायाची नखं कापा, आणि उतरायला सुरुवात करायच्या आधी खाली बसवून लेस सोडून परत बांधा, घोट्याजवळ घट्ट, बोटांकडे थोडी सैल. टाच मागच्या बाजूला बसली पाहिजे. दोन मिनिटांचं काम आहे, पोराचं रडणं वाचतं.

धबधबा दिसला की आत घुसणं

इथे मी अजिबात ढिलाई देत नाही. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, त्यात लहान मुलं होती. आपण उभे असतो तिथे पाऊस नसला तरी वर डोंगरात कोसळत असतो आणि ओढ्याचं पाणी काही मिनिटांत चढतं. पाणी गढूळ व्हायला लागलं, काड्या-पाला वाहून यायला लागला, आवाज वाढला की सामान सोडून आधी बाहेर. ओढा ओलांडायचा असेल आणि पाणी मोठ्यांच्या गुडघ्याला लागत असेल तर ओलांडूच नका, पाऊस थांबून पाणी उतरायची वाट बघा. विसापूर किल्ल्याची ती पाण्यातली पायऱ्यांची वाट फोटोत कितीही सुंदर दिसू दे, भर पावसात पोरांना घेऊन तिथे नको.

माकडं, मधमाशा

माकडाला पिशवीचा चुर्रचुर्र आवाज कळतो. हातात प्लास्टिकची पिशवी असली की ते ओढणारच, आणि ती मुलाच्या हातात असली तर ओरबाडणार. खाऊ सॅकच्या आत, सॅक मोठ्यांच्या पाठीवर. ओढाओढी करू नका, सोडून द्या. ओरखडा आलाच तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या इंजेक्शनसाठी दवाखाना गाठा, हळद लावून घरी जाऊ नका.

कड्याला आग्या मोहोळ लटकलेलं दिसलं तर गप्प पुढे सरकायचं. धूर, मोठ्याने गाणी, शिट्ट्या, भपकेदार परफ्यूम, सगळं बंद. माशा उठल्याच तर हात झटकत उभं राहू नका, मुलाचं तोंड-डोकं ओढणीने किंवा जॅकेटने झाका आणि पायाखाली बघत जितकं लांब जाता येईल तितकं जा.

आणि मधेच काही बिनसलं तर

वाट चुकली तर पुढे पुढे शोधत जाऊ नका. गडाच्या पोटात ढोरवाटा खूप असतात, त्या मळलेल्या दिसतात आणि कुठेतरी कारवीच्या झुडपांत संपतात. शेवटची खात्रीची जागा आठवा, तिथपर्यंत मागे या. धुकं उतरलं तर सगळ्यांनी एकत्र बसा, साधारण थोड्या वेळात विरतं.

पोरगं चिडचिड करतंय, चालत नाही म्हणतंय, तर ते नाटक समजून दरडावू नका, बऱ्याचदा पाणी कमी पडलेलं असतं. तहान लागायची वाट न बघता दर वीस मिनिटांनी दोन घोट, मधे राजगिरा लाडू किंवा गूळ-शेंगदाणे. ओआरएस देणार असाल तर पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात पूर्ण पाकीट एकदम घाला, अर्धं पाकीट अंदाजे ग्लासात नको. डोकं दुखतंय, मळमळतंय, अंग तापलंय तर सावलीत बसवा, ओल्या रुमालाने मान पुसा, आणि तिथूनच खाली. असंबद्ध बोलायला लागलं किंवा गुंगीत गेलं तर थांबायचं नाही, १०८ ला फोन. रेंज नसेल तर एकाने वाडीत जाऊन मदत आणायची, दुसऱ्याने मुलाजवळ थांबायचं, म्हणूनच निदान दोन धडधाकट मोठी माणसं हवीत.

साप चावल्याचा संशय असेल तर कापणं, चोखणं, घट्ट दोरी बांधणं काही नाही. मुलाला चालवू नका, उचलून आणा आणि जवळच्या सरकारी रुग्णालयात न्या. जळवांना घाबरायचं कारण नाही, भीमाशंकरकडे पावसात लागतातच, नखाने बाजूला सरकवली की सुटते, नंतर साबणाने धुवायचं.

राहिलं जेवण. चढायच्या आधीच गावात पिठलं-भाकरी सांगून ठेवा आणि उतरायची वेळ पण सांगा. त्या घरच्या लोकांना कळतं किती जण वर गेलेत, आणि तुम्हाला उशीर झाला तर पहिल्यांदा विचारपूस तेच करतात.