शौकिनांच्या गाडीचा पुढचा भाव कसा ओळखावा

शर्यतीच्या खिल्लार खोंडाची किंमत तो दिवसाला किती नांगरतो यावरून सांगली जिल्ह्यात कोणी करीत नाही. ती शौकिनांच्या नजरेत ठरते. स्पोर्ट्स कारचेही तेच असल्यामुळे अशी गाडी जुनी घेताना आधी तिच्यामागची माणसे पाहावीत. पोर्शे 911 चे हवेने थंड होणारे इंजिन 1998 मध्ये बंद झाले. त्याच्या जागी आलेले पाण्याने थंड होणारे इंजिन अधिक ताकदीचे होते, तरीही जाणकार आज जास्त पैसे मोजतात ते जुन्या 993 साठीच, म्हणजे हवेने थंड होणाऱ्या शेवटच्या 911 साठीच.

ती गाडी नवी असताना कोणाला हवी होती आणि कोणाला परवडत नव्हती, हे प्रथम शोधावे. 2000 ची होंडा सिटी व्हीटेक किंवा 2004 ची ऑक्टाव्हिया आरएस ज्यांनी कॉलेजच्या वयात मान वळवून पाहिली, ते आज चाळिशीत आहेत आणि त्यांच्या हाती पैसा आहे. गाड्या थोड्या असणे एवढ्यानेच मात्र भाव टिकत नाही, कारण शौकीन नसलेली दुर्मीळ गाडी म्हणजे पार्ट न मिळणारी गाडी. म्हणून सौदा ठरवण्यापूर्वी त्याच मॉडेलच्या दोन मालकांना गाठून, टर्बो गेला तर तो कोठून आणता, असे विचारावे. उत्तर चटकन आले नाही, तर भाव खाली मागावा.

हाच शौक भाव पाडतोही. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर, खाली बसवलेले सस्पेन्शन आणि रीमॅप (ताकद वाढवण्यासाठी इंजिनाच्या संगणकात केलेला बदल) यांवर लाखभर रुपये घालणाऱ्या मालकाला ते पैसे क्वचितच परत मिळतात, कारण पुढच्या शौकिनाला गाडी कंपनीतून निघाली तशी हवी असते. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी फेरफार करता येत नाहीत. काढलेली मूळ चाके आणि सायलेन्सर गोणपाटात गुंडाळून माळ्यावर जपून ठेवणारा मालक भेटला, तर त्याची गाडी दहा-वीस हजारांसाठी सोडू नये, असे माझे मत आहे.

सांगलीत नोंदलेल्या गाडीची आणखी एक परीक्षा करावी. 2019 आणि 2021 च्या कृष्णेच्या पुरात गाडी बुडाली होती का, हे धुतलेल्या गालिच्यावरून कळत नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा, त्याच्या आतल्या टोकाला गाळाची पिवळट रेघ राहिलेली असते. सीटखालच्या रुळांचा गंजही बोटाने चाचपावा.

कागदपत्रांत आरसीवरील चॅसिस व इंजिन क्रमांक, सर्व्हिसच्या नोंदी आणि 15 वर्षांनंतरची फेरनोंदणी पाहावी. पाच वर्षांपुढील गाडीची विम्यातील किंमत कंपनी व मालक परस्परसंमतीने ठरवतात. त्यामुळे शौकिनांच्या बाजारातला भाव दाखवून ती वाढवून घ्यावी, अन्यथा अपघातानंतर भरपाई सामान्य जुन्या गाडीइतकीच मिळेल.