लढाऊ वैमानिकाच्या सहीचा फोटो कसा मिळवावा आणि टिकवावा

१९७१ च्या युद्धात पंचविशीत असलेले वैमानिक आता ऐंशीच्या घरात आहेत, १९६५ चे त्याहून पुढे. 'सवडीनं बघू' म्हणणाऱ्यांनी या नादाला लागू नये.

पत्ता एखाद्या निवृत्त हवाई दल अधिकाऱ्यामार्फत, त्यांची परवानगी घेऊनच मिळवा. हातानं लिहिलेलं एक पानी पत्र, परतीचं तिकीट लावलेलं पाकीट, मध्ये पुठ्ठा. एवढं पुरतं.

विमान मात्र तपासा. मी एकांना भलताच फोटो पाठवला. तो सही न होता परत आला, मागं पेन्सिलीनं लिहिलेलं: 'हे हंटर. मी नॅटवाला.' दोन्ही आपल्या हवाई दलाची लढाऊ विमानं, पण वेगळी. बंगालच्या सीमेवर, बोयऱ्यावर २२ नोव्हेंबर १९७१ ला, म्हणजे युद्ध जाहीर व्हायच्या आधी, पाकिस्तानची सेबर विमानं पाडली ती नॅटनी. राजस्थानात लोंगेवालाला पाकिस्तानी रणगाडे फोडले ते हंटरनी. ज्यांची सही मागता त्यांची लढाई माहीत नसेल, तर मागूच नका.

आता खरी गोम: कागद आणि पेन. चकचकीत कागद घेऊ नका, दुकानदार कितीही सांगो. त्यावर बॉलपेन घसरतं, मार्करची शाई ओली राहते आणि म्हाताऱ्या माणसाचा तळहात नेमका त्यावरून फिरतो. मॅट प्रिंट काढा. असा फोटो निवडा की खालच्या भागात फिकं आकाश किंवा धावपट्टी येईल. काळ्या पंखावर काळी सही दिसत नाही. त्यावर उपाय म्हणून लोक चंदेरी पेन पाठवतात. ते आधी हलवून टोक दाबावं लागतं. थरथरत्या हातानं दाबलं की फोटोवर थेंब सांडतो. बारीक टोकाचा काळा परमनंट मार्कर सोबत पाठवा, तोही त्याच प्रिंटच्या जादा प्रतीवर घरी चालवून बघून.

सही आली की दिवसभर उघडी वाळू द्या. माझी पहिली सही मी त्याच संध्याकाळी पीव्हीसीच्या पाकिटात सरकवली. मे महिना, जळगाव, पत्र्याची खोली. आठवड्यानं पाकीट ओढलं तर अर्धी सही प्लास्टिकला चिकटून आली, उलटी. तेव्हापासून पीव्हीसी बंद. आम्लरहित कागदात गुंडाळायचं. लॅमिनेशन करणाऱ्याशी तर मी बोलतच नाही.

विकत घेताना अक्कल वापरा. निर्मलजीत सिंग सेखों १४ डिसेंबर १९७१ ला श्रीनगरवर लढताना गेले, परमवीर चक्र मरणोत्तर मिळालं. त्यांच्या 'सही'खाली त्याच शाईत परमवीर चक्र लिहिलेलं दाखवणाऱ्याला चहासुद्धा पाजू नका.

एप्रिल ते जून माझा अल्बम गावी, आईच्या धाब्याच्या घरात असतो. तिथं दुपारीही मातीच्या भिंती गार असतात. वर आईची गोधडी.