पावसाळा सरल्यावर जुना डेस्कटॉप उठत नसेल तर

खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे पावसाळ्यात कपाटातल्या चपलांना बुरशी येते. तिथे कोपऱ्यात चादर पांघरून ठेवलेला पेंटियम कोरडा राहील कसा? निपाणीत तंबाखूच्या वखारीशेजारी दुकान असेल तर आत तपकिरी धूळ बसते, बेळगावात उद्यमबागेकडे फाउंड्रीची काळी पूड. आपल्याकडे जुनं मशीन ‘मेलं’ म्हणतात, तेव्हा बहुतेक वेळा नुसता कुठला तरी कॉन्टॅक्ट गेलेला असतो. आणि ही मशीनं अजून लागतात. डीटीपीची, म्हणजे छपाईची पानं लावायची, काही जुनी मराठी सॉफ्टवेअरं पॅरलल पोर्टला (जुन्या प्रिंटरच्या रुंद सॉकेटला) लावलेल्या लॉकच्या खुंटीशिवाय उघडत नाहीत, आणि तो पोर्ट आजच्या कॉम्प्युटरला सहसा नसतो. म्हणून भंगारात घालण्याआधी हे करून बघा. क्रम मात्र मोडू नका.

बटण दाबायच्या आधी

वायर भिंतीतून काढा, झाकण उघडा आणि उजेडात नीट बघा. धूळ मऊ, कोरड्या ब्रशने काढा. गॅरेजच्या कॉम्प्रेसरची हवा मारून आणायचा मोह होतो, पण त्या हवेत पाणी आणि तेल असतं, नकोच ते.

मदरबोर्डावरची बॅटरी शोधा. ४८६ आणि सुरुवातीच्या पेंटियमच्या काही बोर्डांवर ती नाण्यासारखी नसते, निळ्या किंवा हिरव्या वेष्टनातली छोटी नळकांडी असते. ती फुटून रस पसरला असेल तर शेजारच्या तांब्याच्या रेषांवर हिरवट-निळी साय दिसते, बऱ्याचदा कीबोर्डच्या सॉकेटजवळ. अशी बॅटरी कापून बाजूला करा. तो रस अल्कली असतो, म्हणून कापसाच्या बोळ्याने थोडं पांढरं व्हिनेगर लावा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्या. साय घासल्यावर खालची रेषच तुटलेली निघाली, तर ती बारीक वायरने जोडणं हे सोल्डरिंगचा हात बसलेल्या माणसाचं काम आहे.

नंतर कपॅसिटर, म्हणजे बोर्डावर उभ्या असलेल्या छोट्या गोल डब्या. वरचा पत्रा सपाट हवा. फुगलेला किंवा तपकिरी द्रव गळलेला कपॅसिटर म्हणजे गुन्हेगार सापडला. १९९९ ते २००७ या काळातल्या बऱ्याच बोर्डांवर सदोष कपॅसिटर बसवलेले होते, त्यामुळे पेंटियम ४ असेल तर इथे जास्त वेळ द्या. बदलताना मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, आणि १०५ अंशांचा लो-ईएसआर (कमी अंतर्गत रोधाचा) कपॅसिटर घ्या.

वीज

एसएमपीएसच्या, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या पत्र्याच्या डब्याच्या, मागे छोटा लाल स्विच असेल तर तो २३० वर आहे ना, ते बघा. ११५ वर असताना आपली वीज दिली तर आतून धडाका होतो. आत पाल शिरून चिकटलेली दिसली, तरी एसएमपीएस स्वतः उघडू नका. त्यातल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये वायर काढल्यावरही सव्वातीनशे व्होल्टपर्यंत डीसी उरलेला असू शकतो.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात? मग जुन्या घराचं अर्थिंग नाही. आधी ते करून घ्या.

मशीन एटी जातीचं असेल, म्हणजे पुढचं बटण खटकन आत बसत असेल, तर त्या बटणाच्या वायरींत थेट २३० व्होल्ट असतात. तिथे बोट नको. बोर्डाला जाणारे दोन कनेक्टर पुन्हा लावताना काळ्या वायरी मधोमध, एकमेकींना लागून आल्या पाहिजेत. उलटे बसले तर बोर्ड जळतो.

एटीएक्स, म्हणजे त्यानंतरच्या, बटण आत न बसणाऱ्या जातीचं असेल तर एक सोपी चाचणी आहे. मोठा कनेक्टर बोर्डातून काढा, एसएमपीएसला एखादा जुना सीडी ड्राइव्ह जोडा, मग हिरवी वायर आणि कुठलीही काळी वायर पेपरक्लिपने जोडून वीज द्या. पंखा फिरला की मल्टिमीटर लावा: लाल वायरीवर ४.७५ ते ५.२५, पिवळीवर ११.४ ते १२.६ व्होल्ट हवेत. पंखा फिरतो म्हणून एसएमपीएस चांगला, असं समजू नका. पाचाचे सव्वाचार झाले तरी पंखा मजेत फिरत असतो.

सगळं काढा, थोडंच ठेवा

“काका, पंखा फिरतोय ओ, पडदा मात्र काळाच,” असं म्हणत पोरं मशीन घेऊन येतात. उपाय ठरलेला आहे. हार्ड डिस्क, सीडी, फ्लॉपी, साउंड कार्ड, मोडेम, सगळ्यांच्या केबली सोडवा. फक्त बोर्ड, प्रोसेसर, एक रॅम, डिस्प्ले कार्ड आणि कॅबिनेटमधला बीप देणारा छोटा स्पीकर ठेवा. जुन्या पेंटियममध्ये ७२ पिनांची रॅम असेल तर एकटी चालत नाही, जोडीच लागते.

आता रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्या तिरप्या उजेडात धरा. दमटपणाने त्यांच्यावर धुरकट थर चढलेला असतो. शाळेतल्या पांढऱ्या खोडरबराने हलकेच, एकाच दिशेने पुसा. खोडरबराचा चुरा झटकून अल्कोहोलचा बोळा फिरवा. स्लॉटमध्येही ब्रश घाला. मग रॅम दोन्ही बाजूंचे चिमटे बसेपर्यंत दाबा. डिस्प्ले कार्डालाही हाच उपचार. इतकं केल्यावर बरीच मशीनं बोलू लागतात.

न बोलल्यास कान द्या. बायोस म्हणजे मशीन सुरू करणारा, बोर्डावरच्या चिपमधला प्रोग्रॅम. अवॉर्ड कंपनीच्या बायोसमध्ये एक लांब आणि दोन आखूड बीप म्हणजे डिस्प्ले कार्डाची तक्रार, थांबून थांबून येणारे लांब बीप म्हणजे रॅमची. एएमआय बायोसमध्ये आठ आखूड बीप डिस्प्लेच्या मेमरीचे. काहीच आवाज नसेल तर रॅम मुद्दाम पूर्ण काढून चालू करा. बीप आला तर बोर्ड आणि प्रोसेसर जिवंत आहेत. रॅम नसतानाही मशीन मुकंच राहिलं, तर मात्र त्या दोघांपैकी एकावर संशय घ्या, आणि खर्चाचा हिशेब मांडून पुढचं ठरवा.

पडदा उजळला, पण पुढे जात नाही

‘सीमॉस चेकसम एरर’ आला, म्हणजे बायोसच्या जपून ठेवलेल्या सेटिंग बिघडल्या, तर नाण्यासारखी सीआर २०३२ बॅटरी बदला, घड्याळवाल्याकडे मिळते. मग बायोसमध्ये जाऊन तारीख घाला आणि हार्ड डिस्क ऑटो डिटेक्ट करा. फार जुन्या बोर्डावर ही सोय नसते. तिथे डिस्कच्या लेबलावरचे सिलिंडर, हेड, सेक्टर यांचे आकडे हाताने भरावे लागतात. ‘नॉन-सिस्टिम डिस्क’ दिसलं तर आधी फ्लॉपी आत राहिली आहे का बघा. फ्लॉपीचा दिवा सतत जळत असेल तर केबल उलटी लागली आहे. आणि कीबोर्ड सापडत नाही, पुढे जायला एफ१ दाबा, असं सांगणाऱ्या मशीनवर रागावून उपयोग नाही. प्लग घट्ट बसवा.

डिस्क टकटक वाजत असेल तर पुन्हा पुन्हा चालू-बंद करू नका. ती काढून आयडीई (जुन्या डिस्कची रुंद पट्टीची जोडणी) ते यूएसबी कन्व्हर्टरने दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडा आणि आधी कामाच्या फाइली उतरवून घ्या. लग्नपत्रिका, दिवाळी अंक, मंडळाचे अहवाल घेताना फॉन्टचं फोल्डरही घ्या. युनिकोडच्या आधीचे फॉन्ट बरोबर नसतील, तर त्या फाइलीत मराठीच्या जागी निरर्थक रोमन अक्षरं दिसतील.