डीन स्मिथ यांची आठवण चाहत्यांनी कशी जपावी

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचे माजी प्रशिक्षक डीन स्मिथ ७ फेब्रुवारी २०१५ रोजी वयाच्या ८३व्या वर्षी चॅपल हिल या विद्यापीठाच्या गावी निवर्तले. त्यांना निवृत्त होऊन तेव्हा सतरा वर्षे उलटली होती, म्हणजे त्या दिवशी विद्यापीठात शिकत असलेल्या बहुतेक मुलांनी त्यांना संघाच्या बाकावर बसलेले कधी पाहिलेच नव्हते. तरीही ती मुले हळहळली. जवळच्या रॅले, डरहम आणि कॅरी या शहरांच्या परिसरात अनेक मराठी कुटुंबे राहतात आणि त्यांची मुले या संघाचा फिकट निळा सदरा घालून लहानाची मोठी होतात. त्यांच्यासाठी, तसेच दूर राहून हा संघ मनापासून पाहणाऱ्या सर्वांसाठी, स्मिथ यांच्यासारख्या प्रशिक्षकाचे स्मरण कसे करावे याविषयी हे मार्गदर्शन आहे. त्यामागे माझे एकच आग्रहाचे म्हणणे आहे: आदरांजलीची रीत त्या माणसाने जे शिकवले त्यातून घ्यावी, तयार साच्यातून उचलू नये.

सर्वप्रथम कुटुंबाला वाट द्यावी. स्मिथ यांना स्मृती आणि आकलन हळूहळू हिरावून घेणारा आजार झाल्याचे त्यांच्या कुटुंबाने २०१० मध्ये स्वतःहून जाहीर केले होते. चाहत्यांनी बोलताना तेवढ्यावरच थांबावे. शेवटच्या वर्षांतील त्यांच्या अवस्थेचे ऐकीव तपशील सभेत सांगू नयेत. निधनानंतर आधी घरच्यांचा खाजगी निरोप झाला आणि सार्वजनिक स्मरणसभा २२ फेब्रुवारीला, त्यांचेच नाव असलेल्या क्रीडागृहात भरली. हा क्रम आपणही पाळावा. निधनाची बातमी कळताच त्याच संध्याकाळी सभा उरकण्यापेक्षा दोन आठवडे थांबलेले बरे, कारण तेवढ्या वेळात आठवणी जमवता येतात, दूरच्या माणसांना येता येते आणि बोलणाऱ्याला काय सांगायचे आहे ते नीट सुचते.

सभेची आखणी करताना त्यांच्या संघाच्या सवयींकडे पाहावे. स्मिथ यांच्या संघात बास्केट करणारा खेळाडू लगेच पास देणाऱ्या सहकाऱ्याकडे बोट दाखवत असे, म्हणजे टाळ्या कोणाच्या आहेत ते प्रेक्षकांना कळत असे. आज ही खूण जगभरच्या मैदानांवर दिसते आणि माझ्या मते त्यांचे सर्वांत टिकाऊ स्मारक तेच आहे. सभेत बोलायला उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाने पहिले वाक्य हेच करावे: मला हा खेळ कोणी दाखवला, पहिल्या सामन्याला कोणी नेले, कोणाच्या घरच्या दूरदर्शन संचावर मी १९८२ चा अंतिम सामना पाहिला. ती व्यक्ती सभेत असेल तर तिच्याकडे हात करावा आणि सर्वांनी तिच्यासाठी टाळ्या वाजवाव्यात. एवढ्या एका गोष्टीने सभेचा सूर बदलतो, कारण बोलणारा स्वतःची थोरवी सांगण्याऐवजी ऋण सांगू लागतो.

त्यांची आणखी एक पद्धत अशी होती की दमलेल्या खेळाडूने मूठ वर करावी, प्रशिक्षक त्याला बाहेर घेत असत आणि दम खाऊन झाल्यावर तो खेळाडू स्वतःच परत आत जाण्याचे ठरवू शकत असे. त्यामुळे थकवा कबूल करणे लाजिरवाणे उरले नाही. सभेत कोणाचा कंठ दाटून आला आणि पुढे बोलवेना, तर त्याने मूठ वर करावी, शेजारच्याने त्याचा कागद हाती घेऊन पुढे वाचावे, आणि सावरल्यावर मूळ वक्त्याने पुन्हा उभे राहावे. बाहेर येणाऱ्या खेळाडूसाठी त्यांच्या संघाचा अख्खा बाक उभा राहत असे. तसेच प्रत्येक वक्ता खाली बसताना श्रोत्यांनी उभे राहावे. आपल्याकडील शोकसभांत अध्यक्ष आणि पाहुणे मिळूनच तासभर बोलतात, हे येथे टाळावे. प्रत्येकाला तीन मिनिटे पुरेत, आणि मुख्य पाहुणा नसलेलाच बरा.

मैदानावर काही करायचे असेल तर २१ फेब्रुवारी २०१५ चे उदाहरण समोर ठेवावे. त्या दिवशी जॉर्जिया टेक विद्यापीठाविरुद्धच्या सामन्यात नॉर्थ कॅरोलायनाचे तेव्हाचे प्रशिक्षक रॉय विल्यम्स यांच्या संघाने पहिली चढाई ‘फोर कॉर्नर्स’ रचनेने केली. चार खेळाडू अर्ध्या मैदानाच्या चार कोपऱ्यांत उभे राहतात, पाचवा चेंडू घेऊन मध्ये खेळवत राहतो आणि बचाव करणारा संघ अधीर होऊन पुढे सरसावला की मोकळ्या झालेल्या सहकाऱ्याला पास मिळतो. सत्तरच्या दशकात स्मिथ यांचा खेळाडू फिल फोर्ड मध्यभागी असताना ही रचना प्रतिस्पर्ध्यांना नकोशी वाटे. आघाडी घेतलेला संघ तिच्या आधारे कितीही वेळ चेंडू राखू शके, आणि महाविद्यालयीन खेळात चेंडू बास्केटकडे टाकण्यासाठी वेळेची मर्यादा आली त्यामागे या रचनेचाही हात होता. त्या दिवशी ती चढाई सफल झाली आणि प्रेक्षागृह उभे राहिले. मौनापेक्षा हे स्मरण मला अधिक भावते, कारण ते समजून घेण्यासाठी खेळ समजावा लागतो. आपल्या वस्तीतील मुलांचा सामना ठेवल्यास पहिली चढाई अशीच करावी, परंतु आधी दोन संध्याकाळी सराव करून घ्यावा; मुलांना रचनेमागचे कारण कळले नाही तर ते नुसते कोपऱ्यात उभे राहणे होईल.

प्रतिस्पर्ध्यांना बोलावणे विसरू नये. ड्यूक विद्यापीठ चॅपल हिलपासून अवघ्या काही मैलांवर आहे आणि दोन्ही संघांतील चुरस अमेरिकेत प्रसिद्ध आहे. १८ फेब्रुवारी २०१५ रोजी ड्यूकच्या मैदानावर सामना सुरू होण्यापूर्वी दोन्ही संघांचे खेळाडू आणि प्रशिक्षक मध्यभागी एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून, गुडघे टेकून वर्तुळात बसले आणि त्यांनी स्मिथ यांना वंदन केले. नंतर ड्यूकने तो सामना जादा वेळेत ९२-९० असा जिंकला. म्हणून आपल्या सभेतही ड्यूकच्या एखाद्या चाहत्याला बोलू द्यावे. ज्याला हरवायचे होते त्याच्याबद्दल प्रतिस्पर्धी जे सांगतो, त्यात खुशामतीचा अंश नसतो.

आता आठवणी लिहून काढण्याविषयी, कारण येथे घाई फार नडते. आकडे थोडे आणि अचूक असावेत: ३६ हंगाम, ८७९ विजय, १९८२ आणि १९९३ ची राष्ट्रीय विजेतेपदे, १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचे सुवर्णपदक. एवढे पुरे आहेत. त्यापेक्षा महत्त्वाचे म्हणजे अपयशाची वर्षे गाळू नयेत. जानेवारी १९६५ मध्ये वेक फॉरेस्ट विद्यापीठाकडून हरून संघाची बस परतली, तेव्हा विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी याच माणसाचा पुतळा करून तो फासावर लटकवला होता आणि बिली कनिंगहॅम या खेळाडूने तो खाली ओढला. पहिले राष्ट्रीय विजेतेपद त्यानंतर सतरा वर्षांनी आले. ही हकीकत वगळून केलेले गुणगान अपुरे असते, कारण आपल्यासारख्याच चाहत्यांनी त्यांना एकदा झिडकारले होते.

वर्णभेदाविरुद्धच्या त्यांच्या भूमिकेविषयी लिहिताना विशेष काळजी घ्यावी. सहायक प्रशिक्षक असताना ते आपल्या चर्चच्या धर्मगुरूंसह आणि एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्यासह चॅपल हिलमधील ‘द पाइन्स’ या उपाहारगृहात जेवायला गेले. ते गोऱ्यांपुरते राखलेले होते. पण त्या दिवशी तिघांनाही जेवण मिळाले. पुढे ही गोष्ट धर्मगुरूंकडून एका पत्रकाराला कळली तेव्हा स्मिथ यांना ती सांगितली गेल्याचेच आवडले नाही. योग्य ते केल्याचा अभिमान मिरवायचा नसतो, ते फक्त करायचे असते, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी चार्ली स्कॉट यांना संघात आणले आणि स्कॉट हे या विद्यापीठाचे शिष्यवृत्ती मिळालेले पहिले कृष्णवर्णीय बास्केटबॉलपटू ठरले. परंतु प्रेक्षकांतून येणाऱ्या शिव्या मैदानावर स्कॉट यांनी सोसल्या. म्हणून लेखात स्कॉट यांना स्मिथ यांच्या मोठेपणाचा पुरावा म्हणून उभे करू नये. आधी त्यांचा खेळ आणि त्यांचे धैर्य सांगावे, मग प्रशिक्षकाकडे वळावे.

पैशांचा प्रश्न उरतो. स्मिथ यांनी मृत्युपत्रात आपल्या सुमारे १८० माजी खेळाडूंसाठी प्रत्येकी २०० डॉलर ठेवले होते आणि प्रशिक्षकाकडून बाहेर एक छान जेवण घ्या, असा निरोप त्या धनादेशांसोबत पाठवला गेला. त्यात मायकेल जॉर्डनही होते आणि हंगामभर बाकावर बसलेला राखीव खेळाडूही होता. रक्कम सर्वांना सारखीच होती. वर्गणी जमली तर तिचा विनियोग याच वृत्तीने करावा. पुतळा किंवा भला मोठा फलक नको; क्रीडागृहाला स्वतःचे नाव देण्यासही ते नाखूश होते. परिसरातील शाळेच्या संघाला, त्यातील राखीव मुलांसकट, एकत्र जेवू घालावे. त्यांच्या नावाने निधी उभारायचा असेल तर मात्र कुटुंबाची संमती आधी घ्यावी आणि हिशेब लेखी ठेवावा.

भारतात राहणाऱ्यांनी एकत्र सामना पाहून स्मरण करण्याचे ठरवल्यास वेळ नीट बघावी: फेब्रुवारीत तेथे रात्री नऊला सुरू होणारा सामना आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला दिसतो, त्यामुळे सुट्टीचा दिवस निवडावा आणि नाश्त्याची जबाबदारी आधीच वाटून घ्यावी. स्मृतिदिन ७ फेब्रुवारीला आणि जन्मदिवस २८ फेब्रुवारीला येतो. मी जन्मदिवस सुचवेन, कारण तोवर हंगाम रंगात आलेला असतो आणि मुलांना बोलावणे सोपे जाते.

जमलेली छायाचित्रे आणि तिकिटे यांच्या मागे पेन्सिलीने तारीख, सामना आणि दिसणाऱ्या प्रत्येकाचे नाव लिहावे. शाईचा डाग पलीकडे उमटतो, म्हणून पेन्सिलच वापरावी. वयोवृद्ध चाहत्यांच्या आठवणी त्यांच्या आवाजात ध्वनिमुद्रित कराव्यात, मुद्रणाच्या सुरुवातीला बोलणाऱ्याचे नाव आणि दिनांक म्हणून घ्यावा, आणि एक प्रत कुटुंबात ठेवून दुसरी, त्या व्यक्तीची लेखी परवानगी असल्यास, विद्यापीठाच्या अभिलेखागाराला देऊ करावी.