त्वचेच्या उपचारांपूर्वी छायाचित्र तपासून घ्या

समाजमाध्यमांसाठी स्वतःची छायाचित्रे सतत गुळगुळीत करणाऱ्या तरुणांना काही काळाने आरशातला चेहराच सदोष वाटू लागतो आणि त्वचेवर उपचार घेण्याचा विचार अनेकदा तेव्हाच मनात येतो. तो विचार चुकीचाच असतो असे नाही; मात्र डॉक्टरांची वेळ घेण्यापूर्वी तक्रार त्वचेची आहे की छायाचित्राची, याची खात्री करून घ्यावी.

त्यासाठी प्रथम फोनच्या कॅमेऱ्यातील ‘ब्यूटी’ सेटिंग बंद करावे, कारण काही फोनमध्ये ते आपण न लावताही सुरू असते. मग दिवसाच्या उजेडात खिडकीजवळ उभे राहून, दुसऱ्या कोणाकडून सुमारे दीड मीटर अंतरावरून छायाचित्र काढून घ्यावे. अंतराचा आग्रह एवढ्यासाठी, की २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासातील गणितानुसार ३० सेंटीमीटरवरून घेतलेल्या सेल्फीत नाक सुमारे ३० टक्के अधिक रुंद भासते.

फिल्टर जे पुसून टाकतो, त्यातील रोमछिद्रे, बारीक लव, डोळ्यांखालची किंचित गडद छटा हे आजार नव्हेत. रोमछिद्रे कायमची नाहीशी करणारा उपचारच नाही, मग जाहिरात काहीही म्हणो. याउलट दुखऱ्या गाठी, खड्डे पाडणारे मुरूम, पसरणारे डाग किंवा आकार व रंग बदलणारा तीळ डॉक्टरांना विनाविलंब दाखवावा. छायाचित्रातून तो पुसल्याने दुर्लक्ष होण्याचा धोकाच वाढतो.

तपासणीला जाताना संपादित छायाचित्र दाखवून ‘चेहरा असा करून द्या’ असे म्हणण्याऐवजी त्रास केव्हा सुरू झाला, कशाने वाढतो आणि आजवर काय काय लावले, हे सांगावे. गोरेपणाच्या क्रीमची नावे तर मुळीच लपवू नयेत, कारण अशा काही क्रीममध्ये स्टिरॉइड किंवा पारा आढळलेला आहे. उपचाराने कितपत फरक पडेल, किती काळ लागेल आणि दुष्परिणाम कोणते, हे स्पष्ट विचारावे. मुरमांवरील औषधांचा परिणाम दिसायला साधारण ६ ते १२ आठवडे लागतात. सावळ्या त्वचेवर चुकीच्या पद्धतीने केलेले लेझर किंवा पील (रसायनाने त्वचेचा वरचा थर काढण्याचा उपचार) नवे काळे डाग मागे ठेवू शकते. तीव्र मुरमांवर दिले जाणारे आयसोट्रेटिनॉइन हे औषध गर्भाला गंभीर अपाय करते, त्यामुळे गर्भधारणेची शक्यता असल्यास ते आधीच सांगावे.

इतरांना जेमतेम दिसणाऱ्या दोषाचा विचार दिवसाचे तास खात असेल, त्यापायी भेटीगाठी टाळल्या जात असतील, तर तेही डॉक्टरांना सांगावे. ही बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डर, म्हणजे दिसण्यातील दोषाचा ध्यास लागण्याच्या मानसिक विकाराची, लक्षणे असू शकतात. त्या विकारात त्वचेवरील उपचारांनी सहसा समाधान होत नाही. वर्तनोपचार आणि काही औषधे मात्र उपयोगी पडतात, म्हणून अशा वेळी लेझरची तारीख पुढे ढकलून आधी मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्यावी.