लियोंमध्ये एक सत्र शिकायला जाताना

सप्टेंबरच्या सुरुवातीला भरणारे फ्रेंच विद्यापीठाचे सत्र डिसेंबरात, फार तर जानेवारीतल्या परीक्षांबरोबर संपते. ऑक्टोबरअखेरच्या सुट्टीचा आठवडा वजा केला, तर शिकण्यासाठी आणि शहर पाहण्यासाठी जेमतेम साडेतीन महिने हाती उरतात. त्यातला एक महिना कागदपत्रांच्या मागे धावण्यात गेला, तर उरलेल्या दिवसांत कशाचीच नीट घडी बसत नाही. मी असे एक सत्र लियोंमध्ये काढले, म्हणून पुढची उदाहरणे त्या शहरातली आहेत. नियम मात्र बहुतेक सगळ्या फ्रान्सला लागू पडतात.

निघण्यापूर्वी

तयारीची सुरुवात जन्मदाखल्यापासून करावी. फ्रान्सच्या सरकारी आरोग्यविम्यात नाव नोंदवताना आईवडिलांची नावे असलेला जन्मदाखला लागतो. आपल्याकडच्या अनेक दाखल्यांवर बाळाच्या नावाचा रकाना कोराच राहिलेला असतो, आणि ही गोष्ट नेमकी निघायच्या आठवड्यात लक्षात येते. दोन-तीन महिने आधी नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत जाऊन नाव चढवून घ्यावे आणि दाखल्यावर अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा यासाठीचा परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, करून घ्यावे. पासपोर्टवर बहुधा वडिलांचे नाव तुमच्या नावाला जोडून छापलेले असते, त्यामुळे फ्रेंच कार्यालये ते तुमच्याच नावाचा भाग समजतात. विद्यापीठ, बँक आणि विमा या तिन्ही ठिकाणी पासपोर्टवर आहे अगदी तसेच नाव लिहावे. एका ठिकाणी वडिलांचे नाव आणि दुसरीकडे नाही, असे झाले की पत्रव्यवहारात आठवडे जातात.

व्हिसा हातात आला की त्यावरचा मजकूर शांतपणे वाचावा. एका सत्रासाठी मिळणारा व्हिसा दोन प्रकारचा असू शकतो. त्यावर निवासपरवान्याचा उल्लेख असेल, तर फ्रान्समध्ये उतरल्यापासून तीन महिन्यांच्या आत तो ऑनलाइन प्रमाणित करून कर भरावा लागतो, आणि हे विसरल्यास तुमचा मुक्काम बेकायदा ठरतो. तात्पुरता दीर्घ मुक्काम असे लिहिलेले असेल, तर ही पायरी नसते. मात्र त्या व्हिसाची मुदत तिथे राहून वाढवता येत नाही. काफ या संस्थेकडून मिळणाऱ्या घरभाड्याच्या मदतीबद्दल जुने विद्यार्थी उत्साहाने सांगतील. व्हिसाच्या प्रकारानुसार ती नाकारली जाते, आणि युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांसाठीचे तिचे नियमही अलीकडे कडक होत आहेत. म्हणून खर्चाचा अंदाज ती मदत मिळणार नाही असे धरूनच बांधावा.

सामान भरताना घरच्यांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवावी. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून आणायला बंदी आहे, त्यामुळे आईने प्रेमाने दिलेले तूप आणि पेढे विमानतळावरच काढून घेतले जाऊ शकतात. त्याऐवजी हिंग, गोडा मसाला आणि मेतकूट घट्ट बंद करून न्यावे.

पत्ता, बँक आणि टपालपेटी

फ्रान्समधली कामे एका साखळीत ओवलेली आहेत, आणि तिची पहिली कडी म्हणजे पत्ता. घराचा विमा काढल्याशिवाय सहसा किल्ली मिळत नाही. पत्त्याचा पुरावा असल्याशिवाय बँकेत खाते उघडत नाही. खाते उघडल्यावर मिळणारा ‘रिब’ हा खात्याच्या तपशिलाचा कागद नसेल, तर आरोग्यविम्याचे पैसे परत येत नाहीत आणि मोबाइलची स्वस्त योजनाही घेता येत नाही. म्हणून आल्या आल्या याच क्रमाने निघावे आणि प्रत्येक कागदाची प्रत फोनमध्ये आणि एका जाड फायलीत ठेवावी. अशा फायलीला तिथे ‘दोस्ये’ म्हणतात आणि तो शब्द दिवसातून दोनदा कानावर पडतो.

क्रूस या विद्यार्थी-सेवा संस्थेच्या वसतिगृहात खोली मिळाली तर ती डोळे झाकून घ्यावी. जुन्या इमारतींतली खोली साधारण ९ चौरस मीटरची असते आणि स्वयंपाकघर सामाईक असते, पण भाडे शहरातल्या कुठल्याही खोलीपेक्षा कमी पडते. खासगी घर घ्यावे लागले, तर १ ते १० महिन्यांसाठीचा ‘बाय मोबिलिते’ हा करार मिळतो का ते विचारावे. २०१८ च्या कायद्याने आलेल्या या करारात घरमालकाला अनामत रक्कम घेता येत नाही. जामीन मागितला, तर ‘व्हिसाल’ या मोफत हमीसाठी अर्ज करावा.

किल्ली घेताना घराच्या स्थितीचा पंचनामा होतो; त्याला ‘एता दे लियो’ म्हणतात. माझ्या वेळी तो दहा मिनिटांत उरकला गेला. टेबलाच्या कडेला रुपयाएवढा जळका डाग होता, पण तो कागदावर लिहून घ्यायला मला संकोच वाटला. निघताना त्याच डागासाठी घरमालकाने अनामतीतून पैसे कापले, आणि माझी सही असल्यामुळे मला काही बोलता आले नाही. तुम्ही मात्र प्रत्येक दिवा लावून, प्रत्येक नळ सोडून, पलंगाची गादी उलटी करून पाहावी, तारखेसह छायाचित्रे काढावीत आणि लहानसा ओरखडासुद्धा लिहायला लावावा. याचा तिथे कोणालाही राग येत नाही.

त्याच दिवशी आणखी एक काम करावे: टपालपेटीवर आपल्या नावाची चिठ्ठी लावावी. बँकेचे कार्ड, त्याचा गुप्त क्रमांक, विम्याची पत्रे असे सगळे अजूनही टपालाने येते, आणि पेटीवर नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत पाठवतो. हाताने लिहिताना आकड्यांची काळजी घ्यावी. फ्रेंच माणूस १ च्या इंग्रजी आकड्याला वर जाणारी लांब रेघ देतो, त्यामुळे आडवी रेघ नसलेला आपला ७ त्याला १ वाटतो. ७ च्या मध्यावर आडवी रेघ मारण्याची सवय लावून घेतलेली बरी.

दिवसाच्या वेळा

बारा ते दोन ही जेवणाची वेळ आहे, आणि त्या वेळेत कित्येक कार्यालये, बँका व लहान दुकाने सरळ बंद असतात. रविवारी दुपारनंतर मोठी दुकानेही फारशी उघडी नसतात. सोमवारी अनेक बेकऱ्यांना सुट्टी असते. शनिवारी संध्याकाळी भाजीपाला, दूध आणि पाव घरात आहे ना, हे पाहून ठेवले की रविवार सुखाचा जातो. दुसऱ्या सत्रात येणाऱ्यांनी मे महिन्यातल्या सुट्ट्या आधीच पाहाव्यात. १ मे रोजी तर लियोंतली सार्वजनिक वाहतूकही जवळजवळ थांबते.

दुकानात शिरताना, बसमध्ये चढताना, कार्यालयाच्या खिडकीपाशी पोचल्यावर पहिला शब्द ‘बोंजूर’ असावा, आणि निघताना ‘बोन जूर्ने’ म्हणावे. आपल्याकडे थेट कामाचे बोलणे उद्धट समजले जात नाही, तिथे समजले जाते. आमच्या गल्लीतल्या बेकरीत मी पहिल्या दिवशी नुसतेच पाव मागितले, तेव्हा त्या बाईंनी हसून ‘बोंजूर’ म्हटले आणि माझे उत्तर येईपर्यंत त्यांचा हात पावाकडे गेला नाही. पुढे फ्रेंच कितीही मोडकेतोडके असले, तरी या एका शब्दाने सुरुवात केली की समोरचा माणूस धीराने ऐकून घेतो.

घरी फोन करण्याची वेळही ठरवून घ्यावी. उन्हाळ्यात भारत साडेतीन तास पुढे असतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे मागे जातात आणि हे अंतर साडेचार तासांचे होते. डिसेंबरात तुम्ही संध्याकाळी मोकळे होता, तेव्हा घरचे झोपायला निघालेले असतात. दुपारी साडेबाराला फोन केला, तर तिकडे पाच वाजलेले असतात आणि चहा होत असतो. मला ती वेळ फार मानवली.

वर्ग आणि गुण

फ्रेंच विद्यापीठात मोठ्या सभागृहातली व्याख्याने वेगळी आणि तीस-चाळीस जणांचा ‘तेदे’ हा चर्चेचा वर्ग वेगळा असतो. व्याख्यानाला सहसा हजेरी नसते, तेदेला असते, आणि विनाकारण दोन-तीन वेळा गैरहजर राहिल्यास त्या विषयात नापास होण्याची वेळ येऊ शकते. व्याख्यानांच्या टिपणांसाठी शेजारी बसणाऱ्या विद्यार्थ्याला पहिल्याच आठवड्यात विचारावे. फ्रेंच मुले स्वतःहून ओळख करून घ्यायला येत नाहीत, पण विचारले तर नाही म्हणत नाहीत.

गुण २० पैकी असतात आणि १० ला उत्तीर्ण. १२ म्हणजे ठीक, १४ म्हणजे चांगले, १६ म्हणजे फारच चांगले. १८ किंवा १९ मिळालेला निबंधविषयाचा विद्यार्थी क्वचितच दिसतो. टक्केवारीत मोजणाऱ्या घरी १३ गुण सांगितले की शांतता पसरते, म्हणून हे प्रमाण घरच्यांना आणि आपल्या महाविद्यालयाच्या परीक्षा विभागाला आधीच समजावून ठेवावे. एका सत्राला साधारण ३० युरोपीय श्रेयांक धरतात. ते तुमच्या गुणपत्रिकेत कसे उतरवले जाणार, हे निघण्यापूर्वी लेखी घ्यावे.

सामाजिक शास्त्रे किंवा साहित्य शिकणाऱ्यांनी सगळ्यात जास्त लक्ष द्यावे ते निबंधाच्या बांधणीकडे. आपल्याला विषयाची सगळी माहिती क्रमाने मांडायची सवय असते. फ्रेंच ‘दिसेर्तासियों’ला माहितीआधी प्रश्न हवा असतो. प्रस्तावनेत विषयाकडे नेणारी एखादी घटना किंवा उद्धृत, मग दिलेल्या शीर्षकात दडलेला पेच उघड करणारा एक प्रश्न, म्हणजे ‘प्रोब्लेमातिक’, आणि शेवटी दोन किंवा तीन भागांचा आराखडा, एवढे आल्याशिवाय पुढे जायचेच नाही. माझा पहिला निबंध परत आला, तेव्हा त्यावर ८ गुण होते आणि समासात लाल शाईने ‘प्लां?’, म्हणजे ‘आराखडा?’, एवढेच लिहिलेले होते. मजकूर चुकलेला नव्हता, पण मी कुठे निघालो आहे हे वाचणाऱ्याला कळत नव्हते. त्यानंतर मी परीक्षेतला पहिला पाऊण तास फक्त कच्च्या कागदावर आराखडा करण्यात घालवू लागलो आणि गुण १३ पर्यंत गेले. त्यांच्या या शिस्तीवर टीका करण्यासारखे पुष्कळ आहे, पण नेमका प्रश्न विचारायला मी तिथेच शिकलो.

चूल

दुपारी विद्यापीठाच्या ‘रेस्तो-यू’ या खानावळीत सवलतीच्या दरात पूर्ण जेवण मिळते. पैसे ‘इझ्ली’ ॲपवरून द्यायचे असतात. शाकाहारी पदार्थ बहुधा असतो, पण ‘शाकाहारी’ म्हटल्यावर मासे चालतील असे समजणारे पुष्कळ भेटतात. मासे नको, मांस नको, मांसाचा रस्साही नको, असे वेगवेगळे सांगावे. सॅलडवर ‘लार्दों’ म्हणजे डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे टाकलेले असतात. गोळ्या-चॉकलेटांच्या वेष्टनावर ‘जेलातिन’ हा शब्द शोधावा; तो प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेला पदार्थ असतो.

संध्याकाळी मात्र स्वतः करून खाण्यासारखे सुख नाही. सुपरमार्केटात ‘लांतीय कोराय’ म्हणजे आपली मसूरडाळ आणि ‘सेमूल फीन’ म्हणजे बारीक रवा मिळतो. त्याच फळीवर कुसकुसही असते आणि दिसायला रव्यासारखेच वाटते. ते आधीच वाफवलेले असल्यामुळे त्याचा शिरा होत नाही. चण्याचे पीठही मिळते, म्हणजे पिठल्याची सोय होते. कणकेचा प्रश्न थोडा अवघड आहे. फ्रेंच पिठाच्या पुडीवर टी ४५ पासून टी १५० पर्यंत आकडा असतो, आणि तो जितका मोठा तितका कोंडा जास्त. टी ५५ च्या पोळ्या मैद्याच्या होतात, टी १५० च्या लाटताना फाटतात. टी ६५ आणि टी ११० निम्मे-निम्मे घेऊन, कोमट पाण्यात सैलसर मळून, अर्धा तास झाकून ठेवले की पोळी मऊ होते. तूरडाळ, मोहरी आणि आपली कणीक हवीच असेल, तर गियोतियेर भागातल्या आशियाई दुकानांत जावे.

तूप मात्र घरीच कढवावे. ‘ब्यर दू’ लिहिलेले बिनमिठाचे लोणी घ्यावे, ‘दमी-सेल’ खारवलेले असते. २५० ग्रॅमची वडी मंद आचेवर ठेवली की वीस मिनिटांत बेरी खाली बसते आणि सगळ्या मजल्यावर घरचा वास दरवळतो. फोडणी करताना खिडकी आधी उघडावी, कारण २०१५ पासून प्रत्येक घरात धूरसूचक यंत्र सक्तीचे आहे आणि मोहरी तडतडताच ते वाजू लागते. घरून कुकर नेणार असाल, तर तो ॲल्युमिनियमचा नको. इंडक्शन शेगडीवर तो तापतच नाही.

भाजी क्र्वा-रूसच्या बाजारातून आणावी. तो सोमवार सोडून रोज सकाळी भरतो. फळे स्वतः हाताळून निवडू नयेत. आज खायची की दोन दिवसांनी, एवढे सांगितले की विक्रेता नेमकी तशी निवडून देतो. एकच्या सुमारास बाजार उठताना भाव उतरतात.

आजारपण आणि प्रवास

विद्यार्थ्यांच्या आरोग्यविम्यात नाव नोंदवणे मोफत आहे, आणि ते आल्या आठवड्यात करावे. ओळखक्रमांक येईपर्यंत डॉक्टरांचे पैसे स्वतः भरून पावत्या जपाव्यात. साध्या तपासणीचे डिसेंबर २०२४ पासून ३० युरो पडतात. तातडीच्या वैद्यकीय मदतीसाठी १५ आणि कुठल्याही संकटासाठी ११२ हे क्रमांक पाठ असावेत.

शहरात फिरायला महिन्याचा पास पुरतो. रेल्वेने दोन-तीनदा जरी बाहेर पडणार असाल, तरी २७ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी असलेले सवलतीचे वार्षिक कार्ड वसूल होते. २६ वर्षांखालील दीर्घ मुक्कामाच्या विद्यार्थ्यांना राष्ट्रीय संग्रहालये मोफत आहेत. खिडकीवर व्हिसाचे पान दाखवावे.

८ डिसेंबरच्या संध्याकाळी मात्र लियों सोडून कुठेही जाऊ नये. १८५२ साली फुर्व्हियेर टेकडीवरच्या मेरीच्या पुतळ्याच्या सोहळ्याला लोकांनी आपापल्या खिडक्यांत मेणबत्त्या लावल्या, तेव्हापासून लियोंमध्ये ही प्रथा चालत आली आहे. शहरभर चालणाऱ्या रोषणाईला गर्दी फार होते. मला मात्र सोन नदीच्या काठच्या जुन्या घरांच्या खिडक्यांत मांडलेले रंगीत काचेचे छोटे दिवे अधिक आवडले. दिवाळी परदेशात हुकलेली असते, आणि पाच वाजताच अंधारलेल्या त्या गल्लीत पणत्यांची ओळ पाहिल्यासारखे वाटते. आपल्याही खिडकीत चार दिवे लावावेत; वाण्याकडे ते मिळतात.

निघताना

फर्निचरसह भाड्याने घेतलेले घर सोडण्याची नोटीस एक महिना आधी द्यावी लागते; ती पोचपावतीसह रजिस्टर टपालाने पाठवावी. डिसेंबरअखेर निघायचे असेल, तर नोव्हेंबर संपण्यापूर्वी ते पत्र पोचले पाहिजे. बँकेचे खाते लगेच बंद करू नये, कारण अनामत आणि विम्याचे पैसे त्यातच येणार असतात. घर सुस्थितीत असेल तर अनामत एका महिन्यात आणि काही कपात असेल तर दोन महिन्यांत परत करावी लागते. टपालपेटीवरचे नाव काढण्याआधी नवा पत्ता सगळ्यांना कळवावा. शेवटच्या आठवड्यात आंतरराष्ट्रीय विभागात स्वतः जाऊन उपस्थितीच्या दाखल्यावर सही आणि गोल शिक्का घ्यावा. फ्रेंच विद्यापीठ गुणपत्रक पुढे ईमेलने पीडीएफ पाठवते आणि त्यांच्या दृष्टीने तेवढे पुरेसे असते; आपल्याकडचा परीक्षा विभाग मात्र शिक्का मागतो, आणि तो फेब्रुवारीत पुण्याहून मागवणे फार कठीण जाते.